‘सर्व हक्क स्वाधीन’ आणि अंध वाचक

जुन्या मराठी पुस्तकाचे पहिले पान उलटले की प्रकाशकाच्या आणि मुद्रकाच्या नावांशेजारी एक लहानशी ओळ हमखास आढळते : ‘सर्व हक्क स्वाधीन.’ डोळस वाचक ती ओळ न वाचताच पुढे जातो, आणि त्यात त्याचे काही चुकते असे नाही. तो पुस्तक विकत घेतो, मित्राकडून मागून आणतो किंवा वाचनालयातून नेतो, दिव्याखाली बसतो आणि वाचू लागतो. कायदा त्याच्या वाचनाच्या आड कोठेही येत नाही. परंतु ज्याची दृष्टी गेली आहे, किंवा ज्याला ती मुळातच लाभली नाही, त्याची गोष्ट निराळी आहे. छापलेले पुस्तक त्याच्यापुढे ठेवले तरी ते त्याच्यासाठी मिटलेलेच असते. ते आधी कोणीतरी उठावाच्या ठिपक्यांत पुन्हा लिहावे लागते, किंवा मोठ्याने वाचून ध्वनिमुद्रित करावे लागते. तेव्हाच ते त्याचे होते. आता, पुस्तक पुन्हा लिहिणे म्हणजेच त्याची प्रत करणे, आणि प्रत करण्याचा हक्क तर त्या तीन शब्दांनी राखून ठेवलेला. डोळसाच्या दृष्टीने निरुपद्रवी असलेली ती ओळ अंध वाचकाच्या दारावर अशा रीतीने कुलूप होऊन बसली.

हे कुलूप कसे बसले, ते उघडण्यास किती काळ लागला, आणि उघडलेल्या दारातून आत पाऊल टाकण्यासाठी अजून काय करावयाचे राहिले आहे, ह्याचा थोडक्यात इतिहास आज पाहावयाचा आहे. तो बेळगाव-निपाणीच्या सीमाभागात उभे राहून पाहावा असे मला वाटते. लिपी, भाषा आणि सरहद्द ह्या तीन गोष्टींनी माणसाच्या वाचनाला काय होते, हे ह्या भागातील लोकांना पुस्तकातून शिकावे लागत नाही.

प्रथम कायद्याकडे वळू. हिंदुस्थानात ग्रंथस्वामित्वाचा, म्हणजे ज्याला आपण सर्रास ‘कॉपीराइट’ म्हणतो त्याचा, पहिला कायदा कंपनी सरकारने १८४७ साली केला. ग्रंथकर्त्याची हयात आणि त्यानंतर सात वर्षे, अथवा प्रकाशनापासून बेचाळीस वर्षे, ह्यांपैकी जी मुदत मोठी असेल ती त्या कायद्याने ग्रंथाला दिली. ह्यानंतर एकच वर्षाने, १८४८ साली, बेळगावात ‘नेटिव्ह जनरल लायब्ररी’ निघाली. आजचे सार्वजनिक वाचनालय ते हेच. १८५० साली कोल्हापुरात ग्रंथालय सुरू झाले. तेच पुढे करवीर नगर वाचन मंदिर म्हणून नावारूपास आले. कायदा आणि वाचनालय ही दोन्ही आपल्याकडे जवळजवळ एकाच वेळी आली, ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. एकाने ग्रंथ हे लेखकाचे धन ठरविले, तर दुसऱ्याने तेच धन चार जणांत वाटून घेण्याची सोय केली. दोघांचे भांडण झाले नाही, कारण वाचनालय प्रत करीत नव्हते. विकत घेतलेली एकच प्रत ते हातोहाती फिरवीत होते.

पुढे १९१४ साली विलायतेतील १९११ च्या कायद्याच्या धर्तीवर नवा कायदा आला आणि मुदत लेखकाच्या मृत्यूनंतर पन्नास वर्षांपर्यंत गेली. स्वतंत्र भारताने आपला स्वतःचा कायदा १९५७ साली केला. तो २१ जानेवारी १९५८ पासून अमलात आला. त्यातही मुदत पन्नास वर्षांचीच होती. १९४१ साली निवर्तलेल्या रवींद्रनाथांच्या ग्रंथांवरील हक्क संपुष्टात येण्याची वेळ आली, तेव्हा १९९२ साली ती साठ वर्षांची करण्यात आली. आजही तीच आहे. लेखकाच्या मृत्यूनंतरच्या जानेवारीपासून साठ वर्षे मोजावयाची, आणि मग ग्रंथ सर्वांचा.

अंध वाचकाचा इतिहास मात्र दुसऱ्याच वाटेने चालला होता. मराठी मुलखात अंध विद्वानाला ‘प्रज्ञाचक्षू’ म्हणण्याची प्रथा आहे. विदर्भातील गुलाबराव महाराज (१८८१–१९१५) ह्यांची दृष्टी तान्हेपणीच गेली; तरीही शास्त्रग्रंथ दुसऱ्यांकडून वाचून घेऊन, ध्यानात ठेवून, त्यांनी विपुल ग्रंथरचना सांगून लिहविली. बेळगावाहून फार दूर नसलेल्या गदगला पंचाक्षरी गवई आणि त्यांच्यामागून पुट्टराज गवई ह्या दोन अंध गायकांनी वीरेश्वर पुण्याश्रमात असंख्य अंध आणि निराधार मुलांना संगीताच्या बळावर पायांवर उभे केले. ही परंपरा थोर आहे, पण तिची मर्यादाही स्पष्ट आहे. ती कानाची आणि स्मरणाची परंपरा आहे. गुलाबराव महाराजांना पोथी वाचून दाखविणारे शिष्य मिळाले. सामान्य घरातील अंध मुलाला ते कोठून मिळणार? जो दुसऱ्याच्या डोळ्यांनी वाचतो तो दुसऱ्याच्या सवडीने वाचतो. त्याला हवे ते पान, हव्या त्या वेळी, एकट्याने उघडता येत नाही. वाचन आणि श्रवण ह्यांतील हा भेद ज्याला कळला त्याला अंधांच्या लिपीचे महत्त्व निराळे सांगावयास नको.

ती लिपी फ्रान्समध्ये जन्मली. लुई ब्रेल हा खोगीर बनविणाऱ्या कारागिराचा मुलगा. जन्म १८०९ चा. बापाच्या कारखान्यात खेळताना तिसऱ्या वर्षी डोळ्याला इजा झाली आणि पुढे दोन्ही डोळे गेले. बार्बिये नावाच्या लष्करी अधिकाऱ्याने उठावाच्या ठिपक्यांनी लिहिण्याची एक पद्धत काढली होती. तिच्यात बारा ठिपके होते आणि ते बोटाच्या एका स्पर्शात मावत नसत. ब्रेलने वयाच्या पंधराव्या वर्षी ते सहावर आणले. डावीकडे तीन, उजवीकडे तीन. एवढ्याशा चौकटीत त्रेसष्ट निरनिराळ्या आकृती होतात आणि प्रत्येक आकृती बोटाच्या टोकाखाली एकदम उमटते. शोध लहान दिसतो, पण त्याने अंध माणसाला वाचकाबरोबर लेखकही केले.

हिंदुस्थानात अंधांची पहिली शाळा अमृतसरला १८८७ साली निघाली. मुंबईत अमेरिकन मराठी मिशनच्या ॲना मिलर्ड बाईंनी १९०० साली शाळा काढली आणि १९०२ साली व्हिक्टोरिया मेमोरियल अंधशाळा सुरू झाली. पुण्यात डॉ. शंकरराव माचवे ह्यांच्या प्रयत्नाने १९३४ साली अंधशाळा उभी राहिली. शाळा निघाल्या, पण लिपीचा गोंधळ मिटला नाही. अहमदाबादेत डॉ. नीळकंठराय छत्रपतींनी बसविलेली पद्धत एक, म्हैसुराकडील दुसरी, मिशनऱ्यांची तिसरी. एका शाळेत शिकलेल्या मुलाला दुसऱ्या शाळेतील पुस्तक वाचता येईना. डोळस माणसाच्या लिप्या शतकानुशतकांच्या वापराने वेगवेगळ्या झाल्या होत्या. अंधांच्या लिप्या मात्र ज्याने त्याने आपापल्या खोलीत बसून वेगळ्या केल्या.

हा गोंधळ कसा मिटला, ही हकीकत सीमाभागातील वाचकाने विशेष लक्ष देऊन ऐकावी अशी आहे. १९४९ साली भारत सरकारने ‘युनेस्को’कडे हा प्रश्न नेला. शिक्षण मंत्रालयात काम करणारे लाल अडवानी हे स्वतः अंध गृहस्थ ह्या कामात होते. फेब्रुवारी १९५१ मध्ये बैरूत येथे परिषद झाली आणि त्याच वर्षी ‘भारती ब्रेल’ निश्चित झाली. तिचे तत्त्व फार सरळ आहे. ठिपके अक्षराच्या आकाराला द्यावयाचे नाहीत, उच्चाराला द्यावयाचे. ‘क’ हा उच्चार देवनागरीत एका तऱ्हेने लिहितात, कानडीत दुसऱ्या, बंगालीत तिसऱ्या. भारती ब्रेलमध्ये मात्र सर्वत्र पहिला आणि तिसरा ठिपका म्हणजे ‘क’. काने, मात्रा, वेलांट्या अक्षराच्या डोक्यावर वा पायाशी बसत नाहीत, तर उच्चारतो त्याच क्रमाने व्यंजनापुढे स्वर येऊन उभा राहतो.

आपल्याच शहराच्या नावाचे उदाहरण घ्या. ‘बेळगाव’ ह्या शब्दातील ‘ळ’ हा मराठीचा लाडका वर्ण. हिंदीला तो नाही, पण कानडीला आहे. भारती ब्रेलमध्ये चौकटीच्या उजव्या बाजूचे तीनही ठिपके उठविले की ‘ळ’ होतो, मराठीतही आणि कानडीतही. ब, ग, व हे वर्णही दोन्हीकडे तेच. फरक पडतो तो पहिल्या एकारापाशी, कारण कानडीत ऱ्हस्व आणि दीर्घ असे दोन एकार आहेत आणि त्यांना वेगवेगळी चिन्हे आहेत. आणि शेवटी कानडी ‘बेळगावी’तील इकारापाशी. म्हणजे जेथे उच्चार वेगळा तेथे ठिपके वेगळे, जेथे उच्चार एक तेथे ठिपके एक. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचनेची रेषा ह्या भागातून गेली आणि तेव्हापासून कोणत्या पाटीवर कोणती लिपी वर असावी ह्याचा वाद येथे धुमसत राहिला. त्या रेषेच्या पाच वर्षे आधीच अंधांच्या बोटांखाली मराठी आणि कानडी ह्या दोन लिप्यांची एक लिपी झाली होती. बेळगावचे अंध मूल एकदा सहा ठिपके शिकले की दोन्ही भाषांची अक्षरे त्याला वाचता येतात. शिकावयाची उरते ती भाषा.

लिपीची सरहद्द अशी पुसली गेली, आणि आता पुस्तकांचा पूर येईल असे त्या वेळच्या कार्यकर्त्यांना वाटले असल्यास नवल नाही. देहरादूनला १९५१ साली सरकारी ब्रेल छापखाना सुरू झाला. मुंबईत १९५२ साली राष्ट्रीय अंध संघटना, म्हणजेच ‘नॅब’, स्थापन झाली. अंधांच्या पुस्तकांच्या पुडक्यांना टपालहशील माफ करण्याची उदार प्रथाही टपालखात्याने पाळली; जाड कागदावर उठावाने छापलेल्या एकेका कादंबरीचे अनेक अवजड खंड होतात, हे ध्यानात घेतले म्हणजे ह्या सवलतीची किंमत कळते. तरीही पूर आला नाही. पैसा, कागद आणि माणसे ह्यांची वाण होतीच. पण त्यांच्या जोडीला ते कुलूपही होते.

१९५७ च्या कायद्यात कलम ५२ आहे. लेखकाची परवानगी न घेता कोणकोणत्या गोष्टी करता येतात, त्यांची ती यादी आहे. खाजगी अभ्यासासाठी वाजवी उपयोग करता येतो. समीक्षेसाठी उतारा घेता येतो. न्यायालयाच्या कामासाठी प्रत काढता येते. शाळेत शिकविताना वा परीक्षेच्या प्रश्नपत्रिकेत मजकूर वापरता येतो. यादी लांबलचक आणि विचारपूर्वक केलेली आहे. पण अंध वाचकाचा तिच्यात एका शब्दानेही उल्लेख नव्हता. ह्यात कोणाचा दुष्ट हेतू होता असे मानण्याचे कारण नाही. कायदा करणाऱ्यांच्या मनात ‘वाचक’ म्हणून जी मूर्ती होती तिला डोळे होते, इतकेच. बापाने अंध मुलाला घरी पुस्तक वाचून दाखविले तर कायदा आड येत नव्हता. पण तेच वाचन एखाद्या संस्थेने फितीवर घेऊन चार अंध विद्यार्थ्यांना पाठविले की ती प्रत झाली, आणि प्रतीला परवानगी हवी. मग प्रत्येक ग्रंथासाठी हक्कदार शोधा, लेखक हयात नसेल तर त्याचे वारस शोधा, पत्र लिहा, उत्तराची वाट पहा. उत्तर आले नाही तर मौनाचा अर्थ होकार असा कायद्यात होत नाही.

ह्याचा प्रत्यक्ष परिणाम काय होतो, हे बेळगावच्याच साहित्य संमेलनांवरून पाहू. मराठी साहित्य संमेलन बेळगावात १९२९, १९४६ आणि २००० ह्या साली भरले. अध्यक्ष होते अनुक्रमे शिवराम महादेव परांजपे, ग. त्र्यं. माडखोलकर आणि य. दि. फडके. संयुक्त महाराष्ट्राच्या मागणीचा ठराव झाला तो ह्यांतील मधल्या संमेलनात. परांजपे १९२९ सालीच निवर्तले. पन्नास वर्षांच्या हिशेबाने त्यांचे लेखन १९८० च्या आरंभी सर्वांसाठी मोकळे झाले. माडखोलकर १९७६ साली गेले. त्यांच्या लेखनावरील हक्क २०३६ अखेरपर्यंत राहील. फडके २००८ साली गेले. त्यांचा हक्क २०६८ अखेरपर्यंत. जुन्या कायद्याप्रमाणे अंध वाचकासाठी विनापरवाना पुस्तक करावयाचे तर तिघांपैकी एकट्या परांजप्यांचेच करता आले असते. सीमाप्रश्नावर आयुष्यभर अभ्यास करणाऱ्या फडक्यांचे विवेचन सीमाभागातील अंध विद्यार्थ्याच्या हाती विनासायास पडावयाचे तर त्याने शतकाच्या उत्तरार्धाची वाट पाहावयाची!

ललित वाङ्मयाचेही तसेच. बेळगावच्या इंदिरा संत २००० साली गेल्या. त्यांच्या कवितेवर २०६० अखेरपर्यंत हक्क आहे. बेळगावाजवळच्या कोवाडचे रणजित देसाई १९९२ साली गेले; त्यांच्या कादंबऱ्या २०५२ अखेरपर्यंत राखीव आहेत. ज्या मातीत हे वाङ्मय उगवले त्याच मातीतील अंध माणसाला ते सर्वांत उशिरा मिळावे, असा हा हिशेब होता. ह्याहून विलक्षण उदाहरण वि. स. खांडेकरांचे आहे. निपाणीहून तासाभराच्या वाटेवर असलेल्या कोल्हापुरात त्यांचे वास्तव्य होते. अखेरच्या वर्षांत त्यांची दृष्टी गेली आणि लेखन सांगून लिहविण्याची वेळ त्यांच्यावर आली. ‘ययाति’ला १९७४ सालचा ज्ञानपीठ पुरस्कार मिळाला. मराठीतील एका थोर ग्रंथकाराचे ‘सर्व हक्क स्वाधीन’ होते, आणि तरीही स्वतःचे छापील पुस्तक वाचण्याचे सामर्थ्य मात्र स्वाधीन राहिले नव्हते. हक्क आणि वाचन ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे ह्याहून स्पष्ट कसे व्हावे?

हे सर्व सांगताना लेखकाची बाजू विसरून चालणार नाही. मराठी लेखक काही धनाढ्य नाही. हजार प्रतींची आवृत्ती संपावयास वर्षे लागतात, आणि मानधनाची रक्कम पुष्कळदा सांगण्याजोगी नसते. ग्रंथस्वामित्वाचा कायदा हा लेखकाच्या घामाचा रखवालदार आहे. तो कमकुवत करावा असे कोणीही सुज्ञ म्हणणार नाही. पण रखवालदाराने चोराला अडवावे. ज्याच्यासाठी बाजारात मालच नाही अशा गिऱ्हाइकाला अडवून मालकाचा कोणता लाभ होतो? अंध वाचकासाठी प्रकाशक ब्रेल आवृत्ती काढीत नव्हता, म्हणून त्याचा धंदा बुडण्याचा प्रश्नच नव्हता. त्याला ती काढणे परवडत नव्हते, आणि जो फुकट काढावयास तयार होता त्याला कायदा परवडत नव्हता.

विसाव्या शतकाच्या अखेरीस यंत्राने परिस्थिती पालटली. छापील पान उजेडात धरून त्याची अक्षरे ओळखणारी यंत्रे आली, संगणक मजकूर मोठ्याने वाचू लागला, आणि एका पुस्तकाचे दहा खंड एका बोटाएवढ्या पेटीत मावू लागले. जी गोष्ट पूर्वी श्रमामुळे अशक्य होती ती आता केवळ कायद्यामुळे अशक्य राहिली. म्हणून देशातील अंधांच्या संस्थांनी वाचनाच्या हक्काची चळवळ उभारली. सरकारने २०१० साली दुरुस्तीचे विधेयक आणले, पण त्यात सूट दिली होती ती प्रामुख्याने ब्रेलसारख्या खास अंधांसाठीच असलेल्या रूपांना. संस्थांनी ह्याला हरकत घेतली, आणि ती रास्त होती. साठी उलटल्यावर ज्याची दृष्टी जाते त्या निपाणीच्या तंबाखू पिकविणाऱ्या शेतकऱ्याची राठ बोटे ठिपके शिकणार कशी? त्याला कानाने वाचावयाचे पुस्तक हवे. संसदेच्या स्थायी समितीनेही सूट व्यापक करावी असा अभिप्राय दिला. मे २०१२ मध्ये दोन्ही सभागृहांनी विधेयक संमत केले आणि २१ जून २०१२ पासून ते अमलात आले.

ह्या दुरुस्तीने कलम ५२ मध्ये एक नवे पोटकलम घातले. त्याचा आशय असा : कोणत्याही ग्रंथाची, अपंग व्यक्तीला वापरता येईल अशा कोणत्याही रूपातील प्रत कोणालाही करता येईल, आणि ती खाजगी वाचनासाठी, शिक्षणासाठी वा संशोधनासाठी अशा व्यक्तीला देता येईल. अपंगांसाठी काम करणाऱ्या संस्थांना हे काम नफा न घेता, केवळ उत्पादनखर्च घेऊन, करता येईल. प्रती अपंग व्यक्तींच्याच हाती जातील आणि नेहमीच्या बाजारात शिरणार नाहीत, ही खबरदारी मात्र संस्थेने घेतली पाहिजे. ज्याला नफ्यासाठी अशा प्रती काढावयाच्या असतील त्याच्यासाठी सक्तीच्या परवान्याची निराळी तरतूद आहे. तो अर्ज पूर्वी कॉपीराइट मंडळाकडे जात असे, २०२१ च्या फेरबदलानंतर तो न्यायालयाकडे जातो. ‘संस्था’ ह्या शब्दाच्या व्याख्येत शासनमान्य शाळा आणि शासनमान्य ग्रंथालय ह्यांचाही समावेश आहे. हे शेवटचे वाक्य गावोगावच्या वाचनालयांच्या चालकांनी अधोरेखित करून ठेवावे असे आहे.

देशातील कुलूप निघाले, पण देशादेशांमधील राहिले. एका देशात अंधांसाठी कायदेशीरपणे केलेले पुस्तक दुसऱ्या देशात पाठविणे बेकायदेशीर ठरे. तेच पुस्तक प्रत्येक देशात पुन्हा नव्याने करावे लागे. छापलेल्या पुस्तकांपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक पुस्तके अंधांना वाचता येतील अशा रूपात कधीच येत नाहीत, असे जागतिक अंध संघ सांगत आला होता आणि ह्या स्थितीला ‘ग्रंथांचा दुष्काळ’ असे नाव पडले होते. ह्या दुष्काळावर उपाय म्हणून मोरोक्कोमधील मराकेश शहरी २७ जून २०१३ रोजी आंतरराष्ट्रीय करार झाला. त्यासाठी झटणाऱ्यांत चेन्नईचे कायदेपंडित राहुल चेरियन हे एक होते. करार होण्यापूर्वी चारच महिने, तरुण वयात, त्यांचे निधन झाले. कराराला मान्यता देणारे पहिले राष्ट्र भारत, जून २०१४ मध्ये. वीस राष्ट्रांची मान्यता पुरी झाल्यावर ३० सप्टेंबर २०१६ पासून करार अमलात आला. अमेरिकेत तो २०१९ पासून लागू आहे. पुण्यात अंधांसाठी तयार झालेले मराठी पुस्तक आज अमेरिकेत मुलाकडे जाऊन राहिलेल्या अंध आजोबांना सरळ पाठविता येते.

इतिहास येथे संपला असता तर फार बरे झाले असते. पण दार उघडणे आणि घर भरणे ह्या दोन गोष्टी आहेत. २०११ च्या जनगणनेत दृष्टीचे अपंगत्व असलेल्या व्यक्ती देशात सुमारे ५० लाख नोंदल्या गेल्या. त्यांच्यासाठी ऑगस्ट २०१६ मध्ये ‘सुगम्य पुस्तकालय’ हे संगणकीय ग्रंथालय सुरू झाले. मराठीत ‘स्पर्शज्ञान’ हे ब्रेल पाक्षिक स्वागत थोरात ह्यांनी फेब्रुवारी २००८ मध्येच सुरू केले होते. आरंभ चांगले आहेत. पण सीमाभागातील अंध मुलाची अडचण आणखी एका पायरीची आहे, आणि ती दोन्ही राजधान्यांतून सहसा दिसत नाही.

बेळगाव जिल्ह्यातील मराठी माध्यमाच्या शाळेत जी क्रमिक पुस्तके चालतात ती कर्नाटकाची. भाषा मराठी, अभ्यासक्रम कर्नाटक राज्याचा. पुण्या-मुंबईच्या संस्था मराठी क्रमिक पुस्तके ब्रेलमध्ये करतील तर ती स्वाभाविकपणे ‘बालभारती’ची करतील, बंगळूरच्या संस्था करतील तर कानडीची करतील. दोघांचेही चुकले असे म्हणता येत नाही, पण निपाणीच्या मराठी शाळेतील अंध मुलगी दोन्ही हिशेबांतून गळून पडण्याचा धोका राहतो. निपाणीच्या वेशीवरच अर्जुननगरचे देवचंद महाविद्यालय आहे. गाव कर्नाटकात आणि महाविद्यालय कोल्हापूर जिल्ह्यात. डोळस विद्यार्थी रोज ती सरहद्द पायी ओलांडतो. पुस्तकाने ती ओलांडू नये असे आता कोणत्याही कायद्यात नाही. २०१२ ची दुरुस्ती अखिल भारताला लागू आहे. पुण्याच्या संस्थेने कर्नाटकाचे मराठी क्रमिक पुस्तक करून निपाणीला पाठविले, किंवा बेळगावच्या ग्रंथालयाने कोल्हापुरात छापलेली कादंबरी ध्वनिमुद्रित करून वाटली, तर कोणाचीही परवानगी लागत नाही.

दुसरी अडचण अक्षरांच्या साच्याची आहे आणि तिच्याकडे प्रकाशकांनी लक्ष द्यावयास हवे. संगणकावर मराठी मजकूर जुळविताना आपल्याकडे वर्षानुवर्षे अशा पद्धती वापरल्या गेल्या की कागदावर अक्षर सुबक उमटते, पण संगणकाच्या पोटात मात्र त्या जागी निराळीच रोमन चिन्हे असतात. डोळ्याला ‘निपाणी’ दिसते. वाचन करणारे यंत्र तेथे अर्थहीन अक्षरे बडबडते. ‘युनिकोड’ ह्या सर्वमान्य पद्धतीने मजकूर जुळविला तर ही अडचण मुळातच उद्भवत नाही, आणि त्यासाठी प्रकाशकाला वेगळा खर्चही फारसा येत नाही. जो प्रकाशक आपली संगणकीय प्रत अंधांच्या संस्थेला विश्वासाने देतो तो सहा महिन्यांचे काम सहा दिवसांवर आणतो. कायदा त्याला हे देण्याची सक्ती करीत नाही. येथे कायद्याची हद्द संपते आणि सौजन्याची सुरू होते.

तिसरी गोष्ट माणसांची. स्वच्छ मराठी उच्चाराचा वाचक ध्वनिमुद्रणासाठी लागतो, आणि तो पुण्याचाच असला पाहिजे असे मुळीच नाही. महादेव मोऱ्यांच्या कथांतील निपाणीकडची बोली निपाणीच्याच माणसाने वाचावी. तिचा हेल इतरांना साधणार नाही. निवृत्त शिक्षक, महाविद्यालयीन मुलेमुली, नाटकात काम केलेली मंडळी ह्या भागात थोडी नाहीत. आठवड्यातील दोन तास दिले तर वर्षाकाठी काही पुस्तके सहज पुरी होतील. बेळगावात माहेश्वरी अंधशाळेसारखी संस्था आहे, पावणेदोनशे वर्षांची परंपरा सांगणारे वाचनालय आहे, व्याख्यानमाला आहेत, साहित्यावर प्रेम करणारा वर्ग आहे. ह्यांना एकत्र आणणारा धागा काय तो अजून ओवावयाचा आहे.

सीमाभागातील मराठी माणसाने आपल्या भाषेतून शिकण्याचा, वाचण्याचा, कागदपत्रे मिळविण्याचा हक्क मागताना एक युक्तिवाद नेहमी केला आहे : भाषा कळणे आणि भाषेतील मजकूर हाती पडणे ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि दुसरीवाचून पहिली व्यर्थ आहे. तो युक्तिवाद ज्याला पटतो त्याला अंध वाचकाचा प्रश्न परका वाटण्याचे कारण नाही. तोही हेच म्हणत आला आहे. त्याला दया नको होती. त्याला पुस्तक हवे होते. १९५१ ने त्याला लिपी दिली, २०१२ ने अनुज्ञा दिली, २०१६ ने देशांच्या सरहद्दी खुल्या केल्या. ह्यांपैकी एकही गोष्ट आपोआप झाली नाही. प्रत्येकीसाठी कोणीतरी पत्रे लिहिली, परिषदा भरविल्या, विधेयकातील एकेका शब्दासाठी भांडण केले.

आता जे उरले आहे ते दिल्लीत किंवा जिनिव्हात होणारे नाही. ते वाचनालयाच्या एका खोलीत, एका ध्वनिमुद्रण यंत्रापुढे, शांतपणे होणारे आहे. पुस्तकावर लेखकाचे हक्क यापुढेही राहावेत आणि राहतील. त्या हक्कांच्या शेजारी अंध वाचकाचाही एक हक्क आज कायद्याने लिहिलेला आहे, एवढे आपल्या वाचनालयांनी ओळखावे आणि पहिले पुस्तक हाती घ्यावे.